‘आरामाची सवय होते’ म्हणणाऱ्यांसाठी

डग्गेवाली
मापाडी यांनी परवा पाच स्वस्त इन-इअर इअरफोनची तुलना टाकली. आलेख, गुण, सगळं साग्रसंगीत. आणि शेवटी एका ओळीत निकाल: ‘आरामाचं काय, आठवड्यात सवय होते. आवाज तेवढा बघा.’ गप्प बसणार होते. बसवलं नाही.

माझं काम रेकॉर्डिंग ऐकून टंकायचं. दिवसाचे सहा तास कानात बोंडं असतात. दोन वर्षांत चार जोड झाले. तिसऱ्याचं ज्याने त्याने कौतुक केलेलं, पण मला त्यात डग्गाच ऐकू येईना. घुमारा गायब, नुसती टकटक, आणि झांज मात्र सुई टोचल्यासारखी. ‘बेस नाही’ म्हणून परत करायलाच निघाले होते. तेवढ्यात सहज डावं बोंड बोटाने आत दाबलं आणि डग्गा आला. बोट काढलं, गेला. डब्यात सुट्या टिप्स, म्हणजे बोंडावरची रबरी टोकं, होत्या, त्यातली मोठी फक्त डाव्या कानाला लावली, उजव्याला मधलीच ठेवली. झालं काम. माझे दोन कान एका मापाचे नाहीत हे कळायला चाळिशी उलटावी लागली.

म्हणजे ज्याला तुम्ही शेवटच्या ओळीत ढकललंत, त्यावरच तुमचा आवाज उभा आहे. टिप नीट बसली नाही की हवा निसटते, आणि हवा निसटली की पहिला जातो खर्ज. तुमचा आलेख धातूच्या कानात काढलाय. त्याला ना घाम, ना ठणका.

मापाडी
धाग्याच्या पहिल्या ओळीत मान दिल्याबद्दल आभारी आहे.

तो ‘धातूचा कान’ म्हणजे आयईसी ६०३१८-४ या मानकाचा कपलर, आत माईक असलेली नकली कानाची नळी. माणसाच्या कानाच्या सरासरीवर बेतलेला. मोजमाप नको, तर काय हवं? प्रत्येकाचं बोट? २०१७ साली ब्रेबार्ट या संशोधकाने २८३ हेडफोन मोजले, आणि फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्सचा, म्हणजे खर्जापासून वरच्या सुरांपर्यंत काय किती मोठं वाजतं त्याचा, किमतीशी संबंध सापडला नाही. स्वस्तातलं घेणाऱ्याला एवढा दिलासा कुणाच्या डाव्या कानाने दिलाय?

टिप बसवावी लागते हे मी लिहायला हवं होतं? मग चप्पल पायात घालतात हेही लिहितो.

कुशीवरचा
डग्गेवालींना +१. मी रात्री कुशीवर पडून ऐकतो. उशीचा दाब आला की बेस दुप्पट, कूस बदलली की शून्य. ‘साडेआठ गुण’ नक्की कुठल्या कुशीवरचे?

शिवाय हे घालून चाललं की स्वतःचीच पावलं डोक्यात धपधप वाजतात. वायर शर्टाला घासली की खरखर. याला गुण कोण देणार?

मापाडी
वायर कानावरून मागे वळवून घ्या, खरखर बरीच जाते. पावलांचं म्हणाल, तर कान अर्धवट आत बुजवला की तसंच होणार. जास्त खोल घातलं तर कमी होतं. १९९१ च्या एटिमोटिक ईआर-४ या इअरफोनला तीन थरांच्या टिप्स होत्या, चांगल्या खोल खोवायच्या. आवाजासाठी लोकांनी ते सोसलंच ना?

डग्गेवाली
सोसलं! तुमच्याच तोंडून आलं. आणि त्यांचाही सगळा भरवसा टिपवरच होता की.

जुनीवायर
सगळे भांडताय, पण मूळ मुद्दा कुणीच काढला नाही. बर्न-इन, म्हणजे नवा जोड तासन्‌तास वाजवून मुरवणं. नवा इअरफोन डब्यातून काढला आणि लगेच निकाल दिला, हा अन्याय आहे. माझा जोड पहिल्या दिवशी कर्कश होता. स, श, च नुसते चावायचे. मी शंभर तास वाजत ठेवला. नंतर चार-पाच महिन्यांत आवाज असा काही मुरला की विचारू नका.

मापाडी
आले. मी वाटच बघत होतो.

काका, आवाजाची तपशीलवार आठवण काही सेकंदांत पुसट होते. तुम्ही चार महिन्यांपूर्वीच्या कर्कशपणाशी तुलना करताय. मुरला तो इअरफोन नव्हे, तुमचा मेंदू.

जुनीवायर
काका कुणाला म्हणता? आणि माझे कान मला कळतात. आलेखाने गाणं ऐकणाऱ्यांना ते कळायचं नाही.

डग्गेवाली
इथे मला नाइलाजाने मापाडींच्या बाजूला उभं राहावं लागतंय, याचा खेद आहे. बर्न-इन मीही केलंय. आठवडाभर कपाटात, टॉवेलात गुंडाळून. आतून बारीक चीं चीं. घरच्यांनी उंदीर समजून कपाट रिकामं केलं. आवाजात काडीचा फरक नाही, कपडे तेवढे आवरले गेले.

जुनीवायर
टॉवेलात गुंडाळून बर्न-इन करतात होय? मग बरोबर आहे.

मापाडी
साधी परीक्षा देतो. त्याच मॉडेलचा एक जुना, एक नवा जोड घ्या. टिप्स त्याच लावा. डोळे मिटा, दुसऱ्याला अदलाबदल करू द्या. दोन्हींचा आवाज आधी मोजून सारखा करा, कारण एक-दोन डेसिबल मोठा वाजणारा ‘जास्त खुललेला’ वाटतोच. दहापैकी नऊ वेळा ओळखलात तर मी जाहीर माफी मागेन.

जुनीवायर
माफी लिहून तयार ठेवा.

कुशीवरचा
माझ्या कुशीचं राहिलं.

डग्गेवाली
थांबा हो. मापाडी, तुमच्या जुन्या तुलनेतला दोन नंबरचा इअरफोन परवाच्या यादीतही आहे. तेव्हा आलेखात आठ किलोहर्ट्झच्या आसपास उंचवटा होता, आता तोच साडेसहावर आलाय. हाही बर्न-इन झाला वाटतं?

मापाडी
तो कपलरचा रेझोनन्स आहे, नळीतच घुमणारा आवाज. किती आत खोवलं त्यावर सरकतो. आधी आठवर बसवायची शिस्त पाळायचो, या खेपेला घाई झाली आणि टिपही वेगळी होती.

डग्गेवाली
धातूच्या कानालाही टिप नीट बसली नाही म्हणा ना. सवय होईल त्याला, आठवड्यात.

मापाडी
ठीक. यापुढे टिप कुठली, किती आत गेली, हे दोन रकाने टाकतो. ‘आराम’ला गुण मात्र देणार नाही. माझा कान तुमचा नाही.

डग्गेवाली
हेच तर पहिल्यापासून सांगतेय. असो, रकाने चालतील.

जुनीवायर
परीक्षा केली. मेहुण्याने अदलाबदल केली. दहाच्या दहा ओळखले! जुना जोड मऊ, नवा कर्कश.

मापाडी
दहा? आवाज सारखा केला होतात? एक काम करा. जुन्याच्या टिप्स काढा आणि नळीच्या तोंडाची जाळी उजेडात धरा.

जुनीवायर
मेहुणा म्हणाला, दोन्ही सारखेच मोठे वाटतात. जाळी बघितली.

मापाडी
आणि?

जुनीवायर
पिवळट आहे जरा.

डग्गेवाली
जरा?

जुनीवायर
अर्धी बुजलीय. कोरड्या मऊ ब्रशने, तोंड खाली धरून साफ केली. परत ऐकलं. स, श, च पहिल्या दिवसासारखे चावतात. मेहुण्याला आता दहापैकी पाच वेळाच ओळखू आले, मला सहा. चार महिन्यांचा मुरलेला आवाज कापसाच्या बोळ्यावर पुसून टाकला.

तरीही बर्न-इन असतं. या जोडात नसेल.

मापाडी
माफी डिलीट करतो.

कुशीवरचा
कुशीवर झोपून ऐकायला चपटा, कानाबाहेर न येणारा कुणाला माहीत आहे का? तिसऱ्यांदा विचारतोय.