गावातला लॉकडाऊन

‘गावाकडच्या म्हाताऱ्यांना लॉकडाऊन जाणवलाच नाही’ हे अर्धंच खरं. आमच्या साताऱ्याकडे शेणघाण, वैरण, धारा, ज्वारीची मळणी सगळं चालू होतं. कोंडून कुणी बसलं नाही. गोची झाली ती मार्च २०२० मध्ये एसटी बंद पडल्यावर. बीपीच्या गोळ्या तालुक्याला मिळणार आणि जायला गाडी नाही. मग आत्या गोळ्यांचं रिकामं पाकीट डेअरीवर जाणाऱ्या पोराच्या खिशात कोंबायची, "असलीच आण रे बाबा." जनधनचे पाचशे रुपये एप्रिल ते जून आले, पण ते काढायला बँकेपुढे खडूच्या गोलात, भर उन्हात उभं राहायचं. पारावरची बैठक पोलीसपाटलानं उठवली, तर म्हातारे गोठ्यात जमायला लागले. (तिथं कोण बघतंय!)

सगळ्यात जास्त लागलं ते वारीचं. त्या वर्षी माउलींच्या पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या. आमचे आबा दरसाल लोणंदला पालखीत मिळायचे. त्यांनी आषाढीला गळ्यात टाळ अडकवून वस्तीलाच फेऱ्या मारल्या, आणि वर सगळ्या आळीला फराळाला बोलावलं, अंतर-बिंतर न पाळता.