मदत हवी आहे: 'पॉकेट व्हेटो' नेमका कधी लागू होतो?

अमेरिकी राज्यघटनेचं पहिलं कलम, सातवा विभाग. विधेयक हाती आलं की राष्ट्राध्यक्षांना रविवार वगळून 10 दिवस. सही नाही, परतही पाठवलं नाही, तर त्याचा आपोआप कायदा होतो. पण तेवढ्यात काँग्रेस (अमेरिकी संसद) तहकूब झाली आणि त्यामुळे विधेयक परत पाठवता आलं नाही, तर ते तिथेच मरतं; हाच 'पॉकेट व्हेटो'. दोनतृतीयांश मतांनी नकाराधिकार उलथवण्याची संधीच उरत नाही. (आपल्या राज्यघटनेच्या कलम 111 मध्ये तर राष्ट्रपतींना मुदतच नाही!)

घोडं अडलंय 'तहकुबी'वर. 1929 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन अधिवेशनांमधली तहकुबीही पॉकेट व्हेटोसाठी धरली. 1938 मध्ये मात्र सिनेटची तीन दिवसांची सुट्टी असताना सचिवाकडे परत दिलेलं विधेयक रीतसर परत आलं असं मानलं. 2007 च्या डिसेंबरात राष्ट्राध्यक्ष बुश यांनी संरक्षण विधेयकावर 'पॉकेट व्हेटो' म्हणत, नेहमीच्या नकाराधिकारासारखे कागद प्रतिनिधी सभागृहाच्या क्लार्ककडे परत पाठवलेही. दोन्ही दगडांवर पाय!

मग सभागृहाने परत आलेले कागद स्वीकारायला क्लार्क नेमून ठेवला असेल, तर अधिवेशनाच्या मधल्या सुट्टीत पॉकेट व्हेटो टिकतो का? 1974 च्या अपील न्यायालयाच्या 'नाही'नंतर सर्वोच्च न्यायालयाचा थेट निकाल आहे का? जाणकारांनी खटल्याच्या नावासह सांगावं.