मदत हवी आहे: थायरॉईड खूप कमी झाल्यावर आलेला संशय आणि भास किती दिवसांत जातात?

आई, वय ६१. थायरॉईडची गोळी कोणाला न सांगता बरेच महिने बंद ठेवली होती. आधी सुस्ती, घोगरा आवाज, सुजलेला चेहरा. आम्ही वयावर ढकललं, हे आमचंच चुकलं. मग शेजारी भिंतीतून आपलं बोलणं ऐकतात, जेवणात काहीतरी घालतात, असं सुरू झालं. रात्री आवाजही ऐकू यायचे. याआधी मानसिक आजार कधीच नव्हता.

मानसोपचारतज्ज्ञांनी रक्त तपासायला लावलं. टीएसएच (थायरॉईड कमी पडलं की वाढणारं संप्रेरक) ११२, फ्री टी४ (रक्तातलं थायरॉईडचं संप्रेरक) अगदी तळाला. १९४९ साली ब्रिटिश डॉक्टर रिचर्ड ॲशर यांनी असे १४ रुग्ण नोंदवले होते, म्हणजे प्रकार जुनाच आहे.

लेव्होथायरॉक्सिन (थायरॉईडची गोळी) सुरू होऊन पाच आठवडे झाले. हृदयाचा त्रास असल्याने डोस हळूहळू वाढवताहेत. सोबत रिस्पेरिडोन (भास-संशयावरचं औषध), कमी मात्रेत. थायरॉईडची गोळी उपाशीपोटीच देतो, कॅल्शियम चार तासांनी. सोडियम, बी१२, मेंदूचा स्कॅन ठीक. लिथियम किंवा स्टिरॉईड कधीच चालू नव्हतं. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा नाही, आणि डोसचे निर्णय डॉक्टरच घेतात. ते इथे विचारत नाहीये.

सूज उतरली, आवाज सुधारला, भासही थांबले. संशय मात्र तसाच. गोळीसुद्धा आधी मी खाऊन दाखवावी असा हट्ट असतो (अर्थात खात नाही).

ज्यांच्या घरी हे झालंय त्यांनी सांगावं: टीएसएच जाग्यावर आल्यानंतर संशय जायला आणखी किती वेळ लागला? आणि रिस्पेरिडोनसारखं औषध पुढे बंद झालं का, की चालूच राहिलं?