गंगेवरच्या पाट्या : लोकांसाठी की हात झटकण्यासाठी?

गोदाकाठ :
पाऊस लागला की नाशकात गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर, जागोजागी पाट्या. 'खोल पाणी', 'सेल्फी काढू नये', 'घाट निसरडा आहे', आणि खाली बारीक अक्षरात 'दुर्घटना घडल्यास प्रशासन जबाबदार नाही'. परवा रामकुंडापाशी अशा पाट्यांनी भरलेल्या खांबालाच एका हाताने धरून एक पोरगा पाण्यावर वाकून व्हिडिओ काढत होता. सतत ओरडणाऱ्याचं कोणी ऐकत नाही. सिगारेटच्या पाकिटाचा ८५ टक्के भाग इशाऱ्याने व्यापलाय, पिणारा पितोच. २०२० मध्ये फोन लावला की आधी खोकला वाजायचा. पुढे तो कानावर पडूनही कोणाला जाणवेनासा झाला. जुन्या नाशकाला पूर कळायचा तो नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या उंच मूर्तीवरून. पाणी मारुतीच्या गुडघ्याला आलं, कमरेला आलं, एवढं ऐकलं की सराफ बाजार, भांडी बाजारातले दुकानदार आपणहून माल हलवायचे. मोठ्या माणसांना अक्कल असते, ती वापरू द्या.

सिडकोकर :
दुतोंड्या मारुती तुम्हाला कळतो, कारण तुम्ही इथले. अस्थी घेऊन बाहेरगावाहून आलेल्या माणसाला काय कळणार? पाऊस त्र्यंबकच्या बाजूला कोसळतो, गंगापूर धरणातून विसर्ग वाढवतात, आणि तेव्हा रामकुंडावर ऊन पडलेलं असू शकतं. तिथे अक्कल काय कामाची? २७ ऑगस्ट २००३ ला सिंहस्थात शाही स्नानाच्या दिवशी चेंगराचेंगरीत ३९ माणसं गेली. मागून रेटा आल्यावर स्वतःला सांभाळणं कोणाच्या हातात होतं? २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आलाय आणि तुम्ही यंत्रणेला मोकळं सोडायला निघालात.

गोदाकाठ :
यंत्रणेला मोकळं सोडते ती पाटीच! 'जबाबदार नाही' असं एकदा रंगवलं की साखळी लावायला नको, जीवरक्षक नेमायला नको.

हरिहरवाला :
हे मात्र पटलं. हरिहर गडाच्या पायऱ्या कातळात कोरलेल्या, जवळजवळ उभ्या, कडेला बोटं रुतवायला खोबण्या. सुट्टीच्या दिवशी चढणारे आणि उतरणारे तिथेच समोरासमोर येतात. माझी जबाबदारी मी घेतो, पावसाचा रंग दिसला की पायथ्याच्या निरगुडपाड्यातूनच मागे फिरतो. पण वरच्याचा पाय सुटला तर खाली मी आहे. तिथे पाटी नको, पायथ्याला मोजून माणसं सोडणारं कोणीतरी हवं.

इंदिरानगर :
अमेरिकेत पेल्यावर 'कॉफी गरम आहे' लिहितात, याला सगळे हसतात. त्यामागचा खटला वाचा. १९९२ मध्ये ७९ वर्षांच्या बाईंच्या मांडीवर मॅकडोनाल्ड्सची कॉफी सांडली, इतकं भाजलं की त्वचारोपण करावं लागलं. कंपनी कॉफी ८२ ते ८८ अंशांवर ठेवत होती आणि भाजल्याच्या सुमारे ७०० तक्रारी आधीच तिच्याकडे आलेल्या होत्या. बाईंनी झालेला खर्च मागितला, कंपनीने ८०० डॉलर पुढे केले. इशारा तेव्हाही पेल्यावर होताच! १९९४ मध्ये ज्यूरीने २० टक्के चूक बाईंची आणि ८० टक्के कंपनीची ठरवली. छापलेल्या अक्षरांनी कंपनी सुटली नाही. आपल्याकडे एक पाटी लावली की सगळा दोष बुडणाऱ्याच्या माथी.

गोदाकाठ :
मग आपलं भांडण कुठे आहे? मी २० टक्के नाकारतच नाही. घाटावर विसर्गाचा आजचा आकडा लावा, पाणी रामकुंडाला किती वाजेपर्यंत पोचेल ते लिहा. त्यावर ज्याचा त्याने निर्णय घ्यावा. बाकीच्या पाट्या काढून टाका.

सिडकोकर :
भांडण 'बाकीच्या काढा' इथेच आहे. क्युसेकचा, म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी सुटतंय त्याचा, आकडा वाचून पाणी किती चढेल हे सांगणारे नाशकातसुद्धा थोडे. सोबत म्हातारी आई असलेल्याला 'उतरू नका' हेच सरळ सांगावं लागतं, आणि वाचता येत नसेल तर भोंग्यावरून, मराठी-हिंदी दोन्हीत. तुमचा आकडा लावा, पण भोंगा मी बंद करू देणार नाही.