मदत हवी आहे: ॲप्ट-कॅशर-एनजीमधून ‘हॅश सम मिसमॅच’

नमस्कार मंडळी,

तालुक्यातल्या एका शाळेची संगणक प्रयोगशाळा मी सांभाळतो. २२ मशिन, सगळ्यांवर डेबियन १२ (लिनक्स) आणि इंटरनेटची एकच संथ लाइन. प्रत्येक मशिनने तेच पॅकेज पुन्हा पुन्हा उतरवू नये म्हणून एका जुन्या डेस्कटॉपवर ॲप्ट-कॅशर-एनजी (एकदा उतरवलेली पॅकेजेस कॅशमध्ये साठवून बाकी मशिनना देणारा प्रॉक्सी) बसवलं, पोर्ट नेहमीचाच, ३१४२. वर्षभर फार छान चाललं.

गेल्या आठवड्यात अपडेट चालू असतानाच वीज गेली. तेव्हापासून काही मशिनवर ‘ॲप्ट अपडेट’ दिलं की ‘हॅश सम मिसमॅच’ येतं, म्हणजे उतरलेल्या फाइलचा चेकसम अपेक्षित चेकसमशी जुळत नाही. प्रॉक्सीची ओळ काढली की तेच अपडेट बिनतक्रार होतं, त्यामुळे माझा संशय कॅशवरच आहे: इनरिलीज फाइल (जिच्यात याद्यांचे चेकसम असतात) नवी आली असावी आणि पॅकेजेसची यादी जुनी किंवा अर्धवट राहिली असावी. मशिनवरच्या याद्या पुसल्या, सर्व्हिस रीस्टार्ट केली. फरक नाही. डिस्कवर जागा भरपूर आहे.

अख्खा कॅश उडवता येईल, पण त्यात ३० जीबी पॅकेजेस आहेत आणि ती पुन्हा उतरवायला आमच्या लाइनला कित्येक रात्री लागतील. ॲप्ट-कॅशर-एनजीच्या रिपोर्टच्या पानावर चेकसमने पडताळणी करून खराब फाइली काढायचा पर्याय दिसतो. तो चालवला तर धड असलेल्या डेब फाइलींना (म्हणजे पॅकेजेसना) धक्का लागत नाही ना? की फक्त याद्यांच्या फाइली हातानेच काढू? कोणी हे केलं असेल तर कृपया सांगा, सोमवारी मुलांची प्रात्यक्षिक परीक्षा आहे.