दोन 'कमिट' आणि एक मराठी टिपण

खारीचा_वाटा:
आमच्याकडे एएस/४०० आहे, म्हणजे आयबीएमचा जुना व्यावसायिक संगणक. आयबीएमने २००८ मध्ये त्याच्या ऑपरेटिंग सिस्टिमचं नाव 'आयबीएम आय' केलं, पण आमच्याकडे कोणी तसं म्हणत नाही. इतकी वर्षं सगळा सोर्स (प्रोग्रामचा मूळ मजकूर) एका सोर्स फायलीत मेंबर, म्हणजे तिच्यातले वेगवेगळे भाग, करून ठेवायचो. बदलाआधी मेंबरची प्रत काढायची, म्हणून 'पगार', 'पगारजुना', 'पगारजुना२' अशी भावंडं. आता सगळं गिटमध्ये, म्हणजे प्रत्येक बदलाचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात, हलवतोय. ज्येष्ठ मंडळींसाठी चार पानी मराठी टिपण लिहायला घेतलं आणि 'कमिट'ला, म्हणजे बदल पक्का नोंदवण्याला, मराठी शब्द शोधताना अडकलो.

मी 'शिक्कामोर्तब करणे' लिहिलं. आरपीजी या एएस/४००वरच्या भाषेत तीस वर्षं घालवलेले एक काका म्हणाले, "अरे, शिक्कामोर्तब झाल्यावर रोलबॅक नाही. मग तुझ्या गिटात शिक्का मारूनही पोरं मागे कशी फिरतात?" बरोबर आहे. आरपीजीत कमिट आधीपासूनच आहे. कमिटमेंट कंट्रोल चालू करायचा, व्यवहार लिहायचे, कमिट केलं की डेटाबेसात पक्कं. गिटचं कमिट मात्र आपल्याच रेपोत (आपल्या मशीनवरच्या साठ्यात) राहतं, पुश करेपर्यंत, म्हणजे सामायिक साठ्यात पाठवेपर्यंत, कोणाला पत्ता नाही. एकाच टिपणात दोन कमिट आलेत. काय करू?

मोडीवेडा:
काकांचा कान चांगला आहे. जुन्या पत्रांत शिक्का वर आणि मोर्तब शेवटी असायची. शिवकालीन मोर्तबेवरचा मजकूरच 'मर्यादेयं विराजते', म्हणजे पत्राची मर्यादा इथे संपली, याखाली कोणी ओळ घुसवू नये. डेटाबेसच्या कमिटला मोर्तब चपखल बसते. गिटला नाही.

देववाणी:
व्हर्जन कंट्रोलला आवृत्ती-नियंत्रण, ब्रँचला (कामाची वेगळी वाट) शाखा, मर्जला (ती मुख्य कामात मिसळणं) विलीनीकरण, कमिटला नोंद. शब्द तयार असताना अडायचं कशाला? शिवरायांनी फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश करून घेतला तो याचसाठी.

सरळसोट:
आणि त्याच कोशानंतरही आपण 'शिक्कामोर्तब'च म्हणतोय, दोन्ही शब्द फारसी-अरबी वळणाचे :) ऑफिसात मी रोज 'कमिट मारला का?' ऐकतो. तेच लिहा.

चकलीकाठ:
'मारला'? आमच्याकडे 'कमिट केलं'. ती ब्रँच, तो मर्ज, ते कमिट.

सरळसोट:
तो कमिट. तो बदल, म्हणून तो कमिट.

देववाणी:
बघा, नपुंसकलिंगी 'कमिट' की पुल्लिंगी यावर वाद घालायची तयारी आहे, पण 'नोंद' म्हणायला जीभ जड.

तलाठ्याचा_नातू:
'नोंद'ला माझा पाठिंबा, पण कारण वेगळं. हा सगळा कारभार आपल्या गावात आहेच. तलाठी गाव नमुना ६ मध्ये फेरफार नोंद धरतो. लगेच सातबारा बदलत नाही. नोटिसा निघतात, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो, मग अंमल सातबाऱ्यावर. म्हणजे कमिट = फेरफार नोंद, मर्ज = प्रमाणित करणे. आणि कोणी हरकत घेतली की प्रकरण नमुना ६-अ मध्ये, विवादग्रस्त नोंदवहीत. मर्ज कॉन्फ्लिक्टला, म्हणजे मर्ज करताना दोन बदल एकमेकांना भिडतात त्याला, याहून चांगला शब्द दाखवा! 'विलीनीकरण' तर नकोच. विलीन झालेलं संस्थान उरत नाही, मर्ज केलेली ब्रँच मात्र कोणी पुसेपर्यंत तिथेच लोंबकळते.

खारीचा_वाटा:
फेरफार आवडला. काकांची गावाकडे जमीन आहे, लगेच कळेल. पण त्यांची दुसरी तक्रार जास्त खरी आहे. सोर्स फायलीत प्रत्येक ओळीला स्वतःची तारीख असते. एसईयू या तिथल्या एडिटरात उघडलं की उजवीकडे दिसते, ही ओळ कधी हात लागलेली आहे ते. आम्ही मेंबर साध्या टेक्स्ट फायलीत उतरवले, मजकूर आला, तारखा मागे राहिल्या. आता गिटला 'ही ओळ कोणाची?' विचारलं की सगळ्या ओळी एकाच दिवशी, माझ्या नावावर.

चकलीकाठ:
एक जूनवाले! शाळेत नाव घालताना गुरुजींनी सरसकट १ जून जन्मतारीख टाकलेली अख्खी पिढी.

मोडीवेडा:
हाच शब्द टिपणात घाला. 'एक जूनच्या ओळी'. कोश चुलीत गेला.

हिरवा_पडदा:
चर्चा रंगली, पण टिपणात 'बिल्ड', म्हणजे सोर्सपासून चालता प्रोग्राम तयार करणं, येईल तेव्हा काय? आमच्याकडे 'बांधणी' लिहिलं तर एकाने विचारलं, पुस्तकाची? फायलीत एक फील्ड वाढवलं आणि तिच्यावर अवलंबून असलेला प्रोग्राम पुन्हा कंपाइल करायचा राहिला, की चालवताना सीपीएफ४१३१, लेव्हल चेक, म्हणजे फाइल आणि प्रोग्राम जुळत नसल्याची चूक. रात्री अडीचला फोन येतो तो यासाठी. म्हणून बिल्डचा खरा अर्थ 'कोण कोणावर अवलंबून आहे ते बघून घडवणे' असा हवा.

देववाणी:
घडण.

सरळसोट:
बिल्ड.

रोजकीर्द:
एक राहिलं. कमिटमेंट कंट्रोलसाठी फाइल आधी जर्नलला जोडावी लागते ना? जर्नल म्हणजे आपली कीर्द. व्यवहार आधी कीर्दीत, मग खतावणीत. आमच्या साडीच्या दुकानात तिसरी वहीही होती, जांगड. गिऱ्हाईक चार साड्या घरी घेऊन जायचं, बायकांना दाखवायचं, दोन परत. विकलेल्या नाहीत, दुकानातही नाहीत. गिटमध्ये कमिटआधी बदल 'स्टेज' करून (बाजूला काढून) ठेवतात ते मला नेमकं जांगड वाटतं.

तलाठ्याचा_नातू:
जांगड! आजोबा म्हणायचे, जावयाला बैल जांगड दिलाय. तो परत आलाच नाही.

रोजकीर्द:
'जांगडगुत्ता' यातूनच आला असणार.

मोडीवेडा:
शंका आहे. तो गुत्ता गुंत्यातला की दारूच्या गुत्त्यातला, आधी ते ठरवा.

खारीचा_वाटा:
टिपण सोमवारी द्यायचंय. तूर्त डेटाबेसला 'मोर्तब', गिटला 'फेरफार नोंद' असं लिहून काकांना दाखवलं. त्यांनी दोन्ही वाचलं आणि विचारलं, "म्हणजे आता कमिट कधी मारायचा?"

सरळसोट:
'मारायचा'. पुल्लिंगी. नोंद घ्यावी.