मदत हवी आहे : कोलाम पोडावरील फ्लोराइडयुक्त पाण्यासाठी लोकांनीच ठरवलेला आराखडा

नमस्कार. यवतमाळ जिल्ह्यातील झरी जामणी तालुक्यात एका कोलाम पोडावर (कोलाम आदिवासींच्या वस्तीवर) आम्ही काही जण वर्षभरापासून पिण्याच्या पाण्याचे काम करीत आहोत. सुमारे २०० लोकवस्तीच्या या पोडाला एक जुनी उथळ विहीर आणि एक हातपंप आहे. विहिरीच्या पाण्यातील फ्लोराइड मर्यादेत आहे, मात्र ती होळीच्या सुमारास आटते. त्यानंतर पाऊस लागेपर्यंत सगळी भिस्त हातपंपावर असते आणि त्याच्या पाण्यात लिटरमागे ३ मिलिग्रॅमहून अधिक फ्लोराइड आढळले आहे. भारतीय मानकानुसार हे प्रमाण १ मिलिग्रॅमपर्यंत असावे. दुसरा स्रोत नसेल तरच १.५ पर्यंत चालते. शाळेतील मुलांच्या दातांवरचे तपकिरी पट्टे नुसत्या डोळ्यांनी दिसतात.

शेजारच्या गावात बसवलेले आरओ यंत्र बंद पडले ते पडलेच, त्या खोलीत आता सरकीची पोती आहेत. त्यामुळे पोडावरच्या बैठकीत यंत्राचा विषय बाजूला ठेवून कोणते पाणी कोण, कधी आणि कशासाठी आणते, एवढेच आधी विचारले. तेव्हा एका आजीबाईंनी सांगितले, की विहीर भरलेली असतानाही स्वयंपाकाला हातपंपाचेच पाणी आणतात, कारण त्यात तुरीची डाळ लवकर शिजते. माझ्या सर्वेक्षणाच्या तक्त्यात हा रकानाच नव्हता. हे पाणी मऊ आणि अल्कधर्मी असल्याने डाळ शिजते हे खरे, पण म्हणजे पावसाळ्यातही फ्लोराइड पोटात जातच होते.

यानंतर बायकांनी राखेने जमिनीवर रेषा ओढून जो आराखडा मांडला, तो असा : शाळेच्या छपरावरचे पावसाचे पाणी बंदिस्त टाकीत साठवायचे आणि ते मार्च ते जून केवळ पिण्यासाठी वापरायचे, स्वयंपाकासाठी हातपंपाचे पाणी गाळणीतून घ्यायचे, गाळणी समाजमंदिराच्या ओट्यावर असावी, म्हणजे येता-जाता तिच्यावर नजर राहील. छप्पर १०० चौरस मीटर, वर्षाचा पाऊस ९०० मिलीमीटर आणि गळती-उडती २० टक्के धरली, तर ७२,००० लिटर पाणी मिळते. माणशी रोज ३ लिटर धरल्यास ते १२० दिवस पुरते. हिशेब अगदी काठावरचा आहे, याची मला कल्पना आहे.

माझी मुख्य अडचण गाळणीची आहे. तिच्यात माध्यम म्हणून सक्रिय ॲल्युमिना, म्हणजे फ्लोराइड धरून ठेवणारे दाणे, भरायचे आहे; पण त्याची फ्लोराइड धरण्याची क्षमता अल्कधर्मी पाण्यात बरीच घटते. अशा पाण्यावर ही गाळणी प्रत्यक्ष किती दिवस चालली, याचा अनुभव कोणाला आहे का? माध्यम पुन्हा वापरण्याजोगे करण्यासाठी कॉस्टिक सोडा आणि नंतर आम्ल वापरावे लागते. ते सांडपाणी नाल्यात सोडण्यास पोडाने साफ नकार दिला आहे, कारण गुरे तिथेच पाणी पितात. त्याऐवजी वापरलेले माध्यम तालुक्याच्या ठिकाणी नेऊन तिथे शुद्ध करून आणावे, असे त्यांचे म्हणणे आहे. कोणी अशी अदलाबदलीची व्यवस्था चालवली असल्यास खर्चासह सांगावे.

दुसरा पर्याय नीरीने (नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने) विकसित केलेल्या नालगोंडा पद्धतीचा, म्हणजे तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर घालून पाणी निवळवण्याचा आहे. आमच्या पाण्याला तुरटी अधिक लागेल, गाळही अधिक होईल. घरगुती बादलीत ही पद्धत वर्षभर टिकल्याचे कोणी पाहिले आहे का, की चार महिन्यांत लोक कंटाळतात?

टाकीबद्दल एकच विचारायचे आहे : ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत न उपसलेल्या पाण्यात क्लोरीन किती दिवसांनी घालावे?

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत ठराव मांडायचा आहे. किनवट किंवा चंद्रपूर भागात फ्लोराइडवर काम केलेल्यांनी कृपया लिहावे. पाणी तपासणीचे अहवाल मागितल्यास इथेच देईन.